झेंडेवाडी ते सासवड, बांधाबांधानं: हिवाळी पायपिटीचा एक दिवस

मल्हारगडावर जाणारे बहुतेक लोक गाडीने पायथ्यापर्यंत येतात, अर्ध्या तासात चढतात, फोटो काढतात आणि जेवायला पुण्यात परत. गड लहानच आहे, त्यामुळे त्यांचं काही चुकतं असं नाही. पण त्यांच्या हाती नुसता गड लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला पुरंदर तालुक्यातला शेतीचा मुलूख, म्हणजे शाळू (हिवाळी ज्वारी), हरभरा, अंजिराच्या बागा, शेततळी आणि मेंढरांचे वाडे, गाडीच्या काचेबाहेरच राहतो. माझ्या मते या दिवसाचं खरं काम ते आहे. गड हे मधलं न्याहारीचं ठिकाण.

वाट अशी: दिवे घाट चढून गेल्यावर झेंडेवाडी फाट्याला उतरायचं, झेंडेवाडीतून समोरच्या खिंडीकडे, खिंडीतून मल्हारगड, पलीकडे सोनोरी आणि सोनोरीतून शेतांमधून सासवड. सगळं मिळून साधारण १४ किलोमीटर भरतं. रमतगमत, बसत-उठत सात ते आठ तास. दम लागावा असा चढ एकच आहे. रोज चालायची सवय नसली तरी चालेल, फक्त सकाळी लवकर उठायची तयारी हवी.

महिना निवडताना

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. या दिवसांत पहाटे अंगात हुडहुडी भरते आणि दुपारी स्वेटर पाठपिशवीत जातो. पारा पहाटे १०-१२ अंशांच्या आसपास, दुपारी २८-३० पर्यंत. ज्याला आपण 'गुलाबी थंडी' म्हणतो ती हीच. बर्फ नाही, पाऊस नाही, चिखल फक्त तिथेच जिथे कुणी रात्री पाणी धरलं असेल.

पण या सात-आठ आठवड्यांतही रान सारखं राहत नाही. डिसेंबरमध्ये शाळू हिरवागार उभा असतो, अजून पोटऱ्यात आलेला (कणीस पानांच्या आत) किंवा नुकताच निसवलेला (कणीस बाहेर पडलेलं). हरभरा गुडघ्याच्या खाली, फुलावर. जानेवारीच्या मध्याला, भोगी-संक्रांतीच्या सुमाराला, हरभऱ्याला घाटे धरतात, बोरं पिकतात आणि बाजारात भोगीच्या भाजीचा सगळा जामानिमा दिसतो. जानेवारीअखेर कणसांत दूध भरून ती हुरड्याला येतात. फेब्रुवारी सरत आला की काढणी सुरू होते, रान मोकळं दिसू लागतं आणि दुपारचं ऊन चटके देतं. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं उगाच म्हणत नाहीत. मला विचाराल तर जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा.

टाळायचे दिवसही सांगतो. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाला अलोट गर्दी असते आणि ती सगळी दिवे घाट-सासवड याच रस्त्याने जाते. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीचंही तेच. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सासवडमध्ये सोपानकाकांचा समाधी सोहळा असतो. तो पाहायचा असेल तर खुशाल जा, पण मग परतीच्या बसमध्ये जागेची आशा ठेवू नका. निघण्याआधी कॅलेंडरमध्ये तिथी बघायची ही सवय या भागात हवामानाच्या अंदाजापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पिशवीत काय, अंगावर काय

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, वरून स्वेटर किंवा जर्किन, डोक्याला टोपी. स्वेटर नऊच्या सुमाराला निघतोच, म्हणून तो सहज काढता येईल असा घ्या. पँट पूर्ण लांबीची आणि गुळगुळीत कापडाची. लोकरी मोजे, लव असलेल्या कापडाची ट्रॅकपँट किंवा नाडीच्या चपला घालून आलेली माणसं या वाटेवर रडतात. कारण कुसळ.

कुसळी गवत हिवाळ्यात वाळून सोनेरी होतं आणि दिसतं फार देखणं. त्याच्या बीला एक टोकदार अणी आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी असते. दवाने ओली झाली की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी जमिनीत स्वतःला भोक पाडून शिरतं. गवताच्या दृष्टीने पायमोजा ही जमीनच. तुम्ही चालत राहता आणि ते आत आत जातं. पहिल्या खेपेला मी लोकरी मोजे घालून गेलो होतो. गडावर बसून अर्धा तास ती काढत होतो आणि शेवटी मोजे तिथेच पिशवीत कोंबून अनवाणी पायांत बूट घातले. आता पँटच्या टोकावर गुळगुळीत नायलॉनची पट्टी गुंडाळतो. जुनी सायकलची ट्यूब कापून लावणाराही एक मित्र आहे. दिसतं विचित्र, पण काम करतं.

बुटाचा तळवा खाचांचा आणि थोडा जाड हवा. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून सरळ वर येतो. काटा काढायला सुई आणि छोटा चिमटा ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक एकच बाटली घेतात आणि दुपारी दोन वाजता सोनोरीच्या रस्त्यावर सुकतात. हवा कोरडी असते, घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे तो गेला हे कळत नाही. गडावर विहीर आणि टाकं आहे, पण ते पाणी पिण्याच्या भरवशाचं नाही.

खायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा, कांदा, गूळ. भाकरी कापडात बांधा, डब्यात घामेजते. केळी नकोत, पाठपिशवीत त्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक काठी घ्या. चढ-उताराला ती लागतेच, आणि वस्तीवरच्या कुत्र्यांना ती नुसती दिसली तरी पुरते.

फाट्यापर्यंत

ही वाट एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते, म्हणून स्वतःची गाडी आणू नका. ती झेंडेवाडीत ठेवून सासवडहून पुन्हा आणायला जाणं म्हणजे दिवसाच्या शेवटी नसती यातायात. पुण्यातून स्वारगेट किंवा हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या एसटी आणि पीएमपी बस मिळतात. चढतानाच वाहकाला विचारा, "झेंडेवाडी फाट्याला थांबते का?" जेजुरी-बारामतीकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या सगळ्याच थांबतील असं नाही.

दिवे घाट चढताना डाव्या-उजव्या खिडकीचा विचार करत बसू नका, वळणांवर दोन्ही बाजू आलटून पालटून दिसतात. खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव आणि त्यापलीकडे धुक्यात बुडालेलं पुणं बघायचं. आषाढी वारीत ज्ञानोबारायांची पालखी हाच घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे या रस्त्याच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तेव्हा 'त्या वडाच्या झाडाजवळ' असल्या जुन्या वर्णनांवर विसंबू नका. वाहकाला सांगून ठेवा.

साडेसातच्या आत फाट्यावर उतरलात तर दिवस तुमचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. अकरा तासांचा उजेड आहे, पण त्यातला पहिला दीड तास सोन्याचा.

फाटा ते झेंडेवाडी: दोन किलोमीटर, पण घाई नको

गावापर्यंत रस्ता आहे, चुकायचा प्रश्न नाही. या टप्प्यात करायची गोष्ट एकच: रान वाचायला शिकणं.

पुरंदरचा हा भाग सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि इथवर येईतो ढग रिते झालेले असतात. त्यामुळे कुणाकडे पाणी आहे आणि कुणाकडे नाही हे इथे पिकावरून लगेच ओळखता येतं. काळ्या, खोल जमिनीत शाळू दिसला तर ती बहुधा जिरायत: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलं आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर, दवावर पीक आलं. शेजारीच गहू किंवा कांद्याचे हिरवे वाफे असतील तर तिथे विहीर, बोअर किंवा शेततळं शोधा, सापडेलच. आणि जिथे काळी माती संपून मुरूम लागतो, त्या उताराच्या हलक्या रानात अंजीर आणि सीताफळ. पाणी साचून न राहणारी जमीन आणि कोरडी हवा या दोन्ही गोष्टी या झाडांना मानवतात. आपण ज्याला खडकाळ म्हणून नाक मुरडू तीच जमीन इथे फळबागेची. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे ते याच मातीच्या जोरावर.

हरभऱ्याच्या शेताजवळ दव वाळायच्या आत पोहोचलात तर एक गंमत करा. पानावरून बोट फिरवून जिभेला लावा. आंबट लागेल. ती हरभऱ्याची आंब. पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरतं आणि दवात मिसळतं. पूर्वी पहाटे पिकावरून धुतलेलं फडकं फिरवून, पिळून ही आंब औषधाला साठवून ठेवत. याच आंबेमुळे पहाटे हरभऱ्यातून चाललात तर बूट पांढुरके होतात. अर्थात हरभऱ्यातून चालायचं नाहीच. बांधावरून.

बांधाचे नियम

शहरातल्या माणसाला शेत म्हणजे मोकळी जागा वाटते. शेतकऱ्याला ते त्याचं कामाचं ठिकाण असतं, आणि बांध हा दोन भावांमधला अर्धा अर्धा. गावातल्या कित्येक भांडणांचं मूळ एक वीत कोरलेल्या बांधात असतं. त्या बांधावरून तुम्ही चाललात तर कुणी अडवणार नाही, पण तो तुमच्या पायांनी ढासळला तर मात्र बोलणी खाल.

चालायला सर्वांत योग्य म्हणजे पाणंद. दोन्ही बाजूंना घायपात, निवडुंग किंवा बाभळीचं कुंपण आणि मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या, अशी ती ओळखू येते. पाणंद सार्वजनिक असते, तिथे कुणाला विचारावं लागत नाही. ती नसेल तर गाडीवाट, ती नसेल तर बांध, आणि बांधही नसेल तर मागे फिरायचं. उभ्या पिकातून आडवं जायचं नाही, एक पाऊलही नाही.

ताज्या भिजवलेल्या रानाची खास काळजी घ्या. शेतीपंपाला बऱ्याचदा रात्रीची वीज मिळते, म्हणून रात्रीतून पाणी धरलेलं असतं. वरून माती सुकल्यासारखी दिसते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. बुटाचं राहू द्या, पण तुमच्या पायाने फुटलेल्या पाटातून पाणी भलत्या वाफ्यात जातं आणि कुणाची तरी रात्रभरची जागरणं फुकट जातात.

माणूस दिसला की आधी आपण "राम राम" म्हणायचं. वाट विचारायची ती नुसती नकाशावरचं नाव घेऊन नाही, कामाचं बोलून. मी एकदा मोबाइलमध्ये डोकं घालून चाललो होतो. उपग्रहाच्या चित्रात जी ठळक पायवाट दिसत होती ती प्रत्यक्षात पाइपलाइन पुरलेला चर निघाली आणि मी कांद्याच्या वाफ्यांच्या मधोमध पोहोचलो. खुरपणी करणाऱ्या एका आजींनी मान वर केली.

"कुठं निघालायसा?"

"गडावर जायचंय, आजी."

"मग हितनं कशाला मरताय? त्या लिंबापासनं पाणंद गेलीया की सरळ."

कडुलिंब दोनशे पावलांवर होता. तेव्हापासून मोबाइलचा नकाशा मी फक्त दिशा पाहायला वापरतो, वाट माणसांना विचारतो.

हरभरा, हुरडा, बोरं स्वतः तोडू नका. मागा. "आजी, मूठभर हरभरा घेऊ का?" असं विचारलं की नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. उलट मुठीऐवजी पेंढी मिळते. पैसे पुढे केले तर बहुतेक जण रागावतात. त्यापेक्षा शेतात विकायला काही असेल तर ते विकत घ्या, आणि नसेल तर दोन मिनिटं थांबून बोला. काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पण सांगावं लागतं.

झेंडेवाडी ते खिंड ते गड

गावात शिरल्यावर समोर डोंगराची रांग आणि तिच्यात एक खिंड दिसते. तिकडेच जायचं. गंमत अशी की गावातून मल्हारगड दिसत नाही. खिंडीत पोचल्यावरच तो एकदम समोर येतो. गाव ते गड साधारण तासाभराची वाट. रान संपून गवताळ उतार सुरू झाला की शेवटची वस्ती मागे पडते. तिथे बाटल्या भरून घ्या.

वस्तीजवळून जाताना लांबूनच हाळी द्या, "ओ दादा, कुणी हाय का?" कुत्री मालकाचा आवाज ऐकून गप्प होतात. धनगरांचा वाडा लागला तर वळसा घालून जा. मेंढरांची कुत्री राखणीला ठेवलेली असतात, खेळायला नाही, आणि या माळांवर लांडगा अजून आहे, त्यामुळे ती सावध असणं साहजिक आहे. शेतात मेंढरं बसवलेली दिसली तर दचकू नका. मालकानेच खतासाठी बोलावलेली असतात.

गवताळ उतारावर हिवाळ्यात आकाशाकडे लक्ष ठेवा. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी थंडीत या माळांवर येतो आणि जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंचीवरून संथ तरंगत, गवत विंचरल्यासारखा जातो. शाळवाच्या कडेला भोरड्यांचे थवे. काळ्या-गुलाबी, साळुंकीच्या जातीच्या. कणसात दाणा भरला की त्या उतरतात आणि मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा, पत्रा बडवणारा राखणदार दिसतो. गोफणीच्या टप्प्यात उभे राहू नका. विनोद नाही हा.

आता सगळ्यांत कळकळीची गोष्ट. हे गवत पेट्रोलसारखं पेटतं. बिडी, सिगारेट, चहासाठी चूल, शेकोटी, काहीही नको. डोंगराला लागलेला वणवा वाऱ्याबरोबर खाली येतो आणि त्याच्या वाटेत कुणाची कडब्याची गंज, कुणाचा गोठा, कुणाची अंजिराची बाग असते. जनावरांची उन्हाळ्याची वैरणही तेच गवत. चहा थर्मासमधून न्या.

गडावर

मल्हारगड १७५७ ते १७६० या काळात बांधला गेला. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार असलेल्या पानसे घराण्याने तो बांधला. मराठी राज्यात अगदी शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याची ओळख आहे. उंची ३१६६ फूट, आकार त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला. त्यात खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन छोटी देवळं शेजारी शेजारी. पायथ्याच्या गावावरून लोक त्याला सोनोरीचा किल्लाही म्हणतात. एक मोठा दरवाजा आणि एक चोरदरवाजा आहे. एकातून आत शिरलात की दुसऱ्यातून बाहेर पडा, म्हणजे तटाची फेरी आपोआप होते.

एवढ्या टीचभर गडाचं प्रयोजन काय, असा प्रश्न पडेल. उत्तर तटावर उभं राहिल्यावर मिळतं: पुण्याहून येणारा दिवे घाटाचा रस्ता इथून नजरेत राहतो. नैऋत्येला पुरंदर आणि त्याला चिकटलेला वज्रगड. दोघांमधली ती अरुंद खिंड नीट बघा. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला, त्यावर तोफा चढवल्या आणि तिथून पुरंदरवर मारा केला. त्याच वेढ्यात मुरारबाजी देशपांडे पडले आणि पुढे जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शेजारचा डोंगर शत्रूच्या तोफांच्या हाती गेला तर काय होतं याचा तो धडा. शंभरेक वर्षांनी तोफखान्याच्या सरदारांनी घाटावर पहारा ठेवायला हा डोंगर निवडला तेव्हा समोरचं ते दृश्य त्यांच्याही डोळ्यांसमोर असणारच.

दहाच्या आत पोचलात तर तटाच्या सावलीत न्याहारी करा. बुरुजांवर आणि झाडांच्या फांद्यांवर आग्यामोहोळ आहे का ते आधी बघून घ्या. दिसलं तर अत्तर, मोठा आवाज, धूर, ड्रोन यातलं काही नको. गुपचूप दुसरीकडे बसा. तटाच्या चिऱ्यांवर चढू नका, काही हलतात. रविवारी गर्दी असते, म्हणून जमलं तर आडवार धरा.

उतार आणि सोनोरी

सोनोरीकडची वाट मळलेली आहे. घसरण तेवढी सांभाळायची: मुरमाचे बारीक खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल टाका, पावलं लहान ठेवा. पायथ्याला गाड्यांचा रस्ता मिळतो आणि तो गावात जातो. गडापासून गाव धरून तासभर ठेवा.

सोनोरीत पानशांचा चिरेबंदी वाडा आहे आणि मुरलीधराचं देऊळ. मुरलीधराची मूर्ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाडा पाहायचा तर कुणाला तरी विचारून. देवळाच्या ओसरीवर अर्धा तास आडवं व्हायला हरकत नसते. जेवण मात्र बाहेर झाडाखाली करा आणि खरकटं परत पिशवीत.

कंटाळा आला असेल, पाय दुखत असतील, तर इथे थांबायला हरकत नाही. सासवडपर्यंत रिक्षा किंवा एखादी जाणारी गाडी मिळून जाते. पण मी सांगेन, पुढे चाला.

सोनोरी ते सासवड: सहा किलोमीटर

डांबरी सडक आहे. ती सोडू नका आणि तिच्यावरून चालूही नका. म्हणजे सडक नजरेच्या टप्प्यात ठेवून दोन्ही बाजूंच्या पाणंदी, कालव्याकडेची वाट, बागांमधले रस्ते धरायचे. चुकलात तरी विजेच्या खांबांच्या रांगेकडे बघून सडकेवर येता येतं. दुपारचं ऊन बहुतेक वेळ समोरून येतं, टोपी लागेल.

या टप्प्यात तीन गोष्टींपासून लांब राहा.

पहिली शेततळं. खोल खड्डा, त्याला काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर आणि काठोकाठ निळं पाणी. मोह होतो. पण ते प्लॅस्टिक शेवाळाने बुळबुळीत असतं आणि उतार तीव्र. आत पडलेल्याला, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, पाय रोवायला काही मिळत नाही. मुलं बरोबर असतील तर हात धरूनच पुढे न्या. दोर किंवा टायर बांधलेले असतील तर मालक शहाणा आहे, तरीही नको.

दुसरी तार. रानडुकरांसाठी पिकाभोवती झटका मशीनची तार ओढलेली असते, गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर, गवतात न दिसणारी. ओलांडायची नाही, हाताने दाबायची तर अजिबात नाही. शेतातून लोळणाऱ्या पंपाच्या वायरीही तशाच.

तिसरी म्हणजे कठडा नसलेली जुनी विहीर, झुडपांनी तोंड झाकलेली. पारव्यांचा फडफडाट आणि घुमणं ऐकू आलं की समजा जवळपास विहीर आहे.

आणि एक थांबून पाहण्याजोगी गोष्ट: अंजिराची बाग. या भागात अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळ्याच्या तोंडाला छाटलेल्या झाडांचा खट्टा बहार थंडीत तोडणीला येतो, तर पावसाळा संपताना छाटलेल्यांचा मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि त्यानंतर. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत एका बागेत टोपल्या भरत असतात आणि शेजारच्या बागेत अजून पोपटी पालवी नि हिरवी गोटीएवढी फळं. तोडणी पहाटेच होते, कारण पिकलेलं अंजीर उन्हात मऊ पडतं. दुपारी जाल तेव्हा माणसं पत्र्याच्या शेडमध्ये पानं घालून खोकी भरताना दिसतील. बागेच्या मालकाने हातावर फळ ठेवलं तर देठाचा पांढरा चीक बोटाला लागू देऊ नका, खाज सुटते आणि रात्रभर सुटत राहते.

सासवड

साडेतीन-चारला गावात पोचाल. थेट स्थानकावर जाऊ नका. कऱ्हेच्या काठी, चांबळी नदीच्या संगमावर संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांवर बूट काढून बसा. हिवाळ्यात नदीत पाणी असेल-नसेल. सांडपाण्याचा वासही कधी येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पश्चिमेचं ऊन दगडावर येतं तेव्हा ते सगळं विसरायला होतं. अंगात जोर असेल तर सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या. ज्ञानदेवांचा हा धाकटा भाऊ इथे समाधिस्थ झाला. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली याच गावात वारले आणि आचार्य अत्रे जवळच्या कोडीतचे. एवढ्या लहान गावाला इतका इतिहास म्हणजे जरा जास्तच, पण तो सगळा आज पाहायलाच हवा असं नाही.

भूक असेल तर पिठलं-भाकरी मिळते. अंजीर विकत घ्यायचं ते इथेच, बाजारात किंवा रस्त्याकडेच्या टोपलीवाल्यांकडून. वरच्या थरात चांगली आणि खाली दबलेली असं होतं, म्हणून खोकं उघडून खालची फळं बघा. बसमध्ये ते मांडीवर धरा, वरच्या फळीवर टाकलंत तर घरी जॅम पोचेल. आणि त्याच रात्री खा. अंजीर उद्यासाठी थांबत नाही.

पुण्याची गाडी साडेपाचच्या आत पकडा. घरी पोचल्यावर मोजे दारातच उलटे करून झटका, नाहीतर आठवडाभर घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात कुसळ निघत राहील.